स्वतःलाच ‘हो’ म्हणणारी तार

स्कार्फावीक,
रविवार, फेब्रुवारी १९९२

प्रिय स्टेइनुन,

मी तुला फोन करावा, असे तुझ्या आईचे मत आहे. फोनवर मनुष्य अर्धे वाक्य बोलतो आणि उरलेल्या अर्ध्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर टाकतो, म्हणून मी लिहिणार आहे, असे मी तिला सांगितले. त्यावर ती म्हणाली, “लिही की. पण फौजदारासारखं लिहू नकोस. मुलगी आहे ती तुझी.” तिची सूचना मी ध्यानात ठेवली आहे. ती कितपत पाळली जाईल याची हमी देता येत नाही.

प्रथम बातमी. येत्या गुरुवारी सकाळी मला आणि ब्यार्टमारला जिल्हा दंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहायचे आहे. जानेवारीत ‘तेर्ना’ होडीतून उतरलेल्या कॉड माशांपैकी दोन टब बंदराच्या काट्यावर नोंदले गेलेले नाहीत. ते मासे तिचा तांडेल ब्यार्टमार आणि काट्यावरचा मापाडी ओद्दुर, म्हणजे मी, अशा दोघांनी संगनमताने काट्याला वळसा घालून विकले, असा मत्स्यखात्याचा आरोप आहे. तो सिद्ध झाला तर माझा परवाना जाईल आणि ब्यार्टमारचा मासळीचा कोटा कापला जाईल. कोटा कापला गेला की दक्षिणेकडच्या एखाद्या बड्या कंपनीला ‘तेर्ना’ विकण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. पन्नाशी उलटलेल्या तांडेलाने मग काय करावे, हे खात्याने कळवलेले नाही.

बंदर समितीच्या अध्यक्षा थोर्दीस माझे सांत्वन करायला आल्या होत्या. “एवढं काय मनाला लावून घेता, ओद्दुर? तुम्ही तसेही पुढच्या वर्षी निवृत्त होणारच होता.” मी त्यांना कॉफी दिली आणि साखरेचा डबा त्यांच्यापुढून उचलून घेतला. इतका असभ्यपणा माझ्या हातून पूर्वी कधी घडल्याचे स्मरत नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचे मासे मोजले त्याला ‘चोर’ म्हणून घरी पाठवणे आणि ‘वृद्ध’ म्हणून घरी पाठवणे यांत फरक आहे. तो समजण्यास चार हिवाळ्यांचे शिक्षणही पुरते. मला तेवढेच मिळाले, हे तुला ठाऊक आहे. फिरता मास्तर आमच्या खोऱ्यात यायचा, दोन आठवडे राहायचा, आमचे मटण खायचा आणि पुढच्या शेतावर जायचा. असे चार हिवाळे. परंतु ‘बेरीज दोघांनी केली तरच ती बेरीज’ हे त्याचे वाक्य मी अद्याप विसरलेलो नाही.

आता हे सर्व कसे घडले ते क्रमाने लिहितो. त्यातील काही भाग तुला ठाऊक असेल. तो कोणता, हे मला ठाऊक नाही. माझ्या त्राग्याचे निम्मे कारण तेच आहे.

जुनी पद्धत तू पाहिलेली आहेस; पाहिलेली कशाला, चालवलेली आहेस. टब काट्यावर टेकला की मी आकडा मोठ्याने पुकारायचा. धक्क्यावर उभ्या असलेल्या होडीच्या माणसाने तोच आकडा मला परत पुकारायचा. त्याचा आवाज आल्याशिवाय मी लिहायचे नाही, आणि मी लिहिल्याशिवाय टब उचलायचा नाही. वारा असो, हिमवर्षाव असो, समोरचा रात्रभर जागून उभ्याने झोपत असो, पुकारा परत आलाच पाहिजे. तंत्रशाळेत असताना दोन उन्हाळे तू माझ्या जागी बसलीस. ब्यार्टमारचा एक खलाशी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला म्हणून तू त्याला भरलेला टब पुन्हा काट्यावर ठेवायला लावलास. तो म्हणाला, “बाई, बापापेक्षा वरचढ निघालीस!” तू म्हणालीस, “बाप दमलाय. मी नाही दमले. पुकार.” मी तेव्हा शेडच्या मागे होतो आणि सर्व ऐकले. तुला त्याविषयी काही बोललो नाही. तशी आपल्या घरात रीत नाही.

नंतर दीड वर्षापूर्वी, तू जिथे नोकरीला आहेस त्या तुमच्या कंपनीची यंत्रणा आली. संगणक बंदर कचेरीत बसला, काटा धक्क्यावर राहिला, आणि मधला रस्ता खणून त्याखालून तार टाकण्यात आली. तुमचा तंत्रज्ञ स्वेर्रिर आला, त्याने दोन्ही टोकांना प्लग जोडले आणि मला एक हिरवे बटण दाखवले. “आजोबा, टब ठेवायचा, आकडा स्थिरावला की हे दाबायचं. संपलं. घसा फोडायचं काम आजपासून बंद.” मी त्याला विचारले की कचेरीतल्या यंत्राला आकडा मिळाला हे मला इथे कसे कळणार. तो म्हणाला, “मिळणारच ना! मध्ये टेलिफोन नाही, मोडेम नाही, काही नाही. सरळ तार. याच्या तोंडातून त्याच्या कानात.” त्याने दोन तारांची अदलाबदल कशी केली आहे हे मला कागदावर काढूनही दाखवले, कारण दोन्ही यंत्रे एकाच तारेवर बोलू लागली तर ऐकणार कोण. ते मला पटले. मुलगा वाईट नाही. परंतु मी जे विचारले त्याचे ते उत्तर नव्हते.

त्याच आठवड्यात थोर्दीसबाईंनी माझी हातनोंद बंद करवली. समितीचा लेखी ठरावच झाला. “दोन नोंदी म्हणजे दोन सत्यं, ओद्दुर. भांडणाला निमंत्रण.” मी ठरावाचे पालन केले. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने खिशात एखादे चिटोरे ठेवले असते आणि आज ते दंडाधिकाऱ्यांच्या टेबलावर आपटले असते. मी ठेवले नाही, कारण मला ठेवू नको असे सांगण्यात आले होते. तुझी आई म्हणते, “तुझा प्रामाणिकपणा एक दिवस आपल्याला उपाशी मारणार.” ती हे लग्नाच्या वर्षापासून म्हणत आली आहे. या खेपेस मात्र म्हणताना हसली नाही.

दोन टब हरवले कसे, हे प्रथम कोणालाच समजले नाही. लिलावात मासे घेणाऱ्याने ते आपल्या काट्यावर तोलले, तेव्हा आमच्या कागदापेक्षा जास्त भरले. खात्याचा माणूस आला. तुमच्या कंपनीकडून चौकशी अहवाल आला. त्यात लिहिले होते: यंत्रणा निर्दोष, वयस्कर कर्मचाऱ्याकडून बटण दाबण्यात कसूर झाल्याची शक्यता. ‘वयस्कर’ हा शब्द त्यात तीन ठिकाणी आहे. अहवालाखाली स्वेर्रिरची सही होती, तुझी नव्हती. त्या दिवसापासून तुझा फोन आलेला नाही. या दोन गोष्टींचा संबंध मी जोडत नाही. फक्त नमूद करतो.

बटणाच्या आरोपाने माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी एक अविचार केला. तारेत दोष असेल तर आपणच नवी तार करू, असे मी ठरवले. रस्त्याखालची तार बदलणे शक्य नव्हते, पण काट्यापासून भिंतीवरच्या पेटीपर्यंतचा तुकडा सुटा आहे, ज्याच्या एका प्लगमध्ये तुमची सगळी जोडणी आहे, तो. दोन प्लग मागवले, स्वेर्रिरने काढून दिलेला कागद समोर ठेवला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर सोल्डर लावायला बसलो. तुझ्या आईची राय धान्याची भाकरी भट्टीत होती. “भाकरीला शिशाचा वास लागला तर तूच खायची सगळी,” असे ती दोनदा म्हणाली. काम सुबक झाले. सोमवारी सकाळी ती तार लावली आणि काटा ठार मुका झाला. धक्क्यावर तीन होड्या खोळंबल्या. टबांवर पुनःपुन्हा बर्फ ओतावा लागला. एकाने ओरडून विचारले, “ओद्दुर, काट्याला श्रद्धांजली कधी वाहायची? टोपी काढून उभे आहोत आम्ही!” शेवटी मी जुनी तार परत लावली आणि काटा बोलू लागला.

चूक कोणती होती, हे सांगताना मला आजही लाज वाटते, परंतु लिहितो. तुला ठाऊक आहे की लहानपणी थंडीत आम्ही मुलगेही विणायला बसायचो. आपल्याकडे स्वेटर गोल विणतात. कापड कधी उलटत नाही आणि नमुना नेहमी बाहेरच्या अंगाने वाचायचा असतो. मी कागदावरच्या पिना तशाच वाचल्या, बाहेरून. पण सोल्डर आतल्या बाजूने लावायचे असते, आणि आतून पाहिले की उजवीकडचे डावीकडे जाते. प्रत्येक तार नेमकी चुकीच्या पिनेवर, अत्यंत नीटनेटकी. शीतगृहाची वीजतंत्री ग्रोआ हिने ती पाहिली आणि म्हणाली, “ओद्दुर, इतकी देखणी निकामी तार मी जन्मात पाहिली नाही. तुमच्या परवानगीने भिंतीवर टांगते.” मी परवानगी दिली नाही.

ही एक सकाळ मला फार महाग पडली. तुमच्या कंपनीचे दुसरे पत्र आले की संबंधित कर्मचाऱ्याने स्वतः तारेत फेरफार केल्याचे निदर्शनास आले असून यापुढील कोणत्याही दोषास कंपनी जबाबदार नाही.

आता ग्रोआविषयी. तिची जीभ कात्रीसारखी आहे, पण तिला माझी दया आली असावी. दया आलेली मला आवडत नाही, तथापि या वेळी घेतली. वादळामुळे एकही होडी बाहेर नव्हती अशा एका दुपारी ती आपली दिव्यांची डबी घेऊन आली. ही डबी तारेच्या मध्ये लावतात. कोणत्या तारेतून काय जाते ते बारीक दिवे लागून दिसते. तिने मला काट्यावर लोखंडी वजन ठेवून बटण दाबत राहायला सांगितले आणि स्वतः डबी लावून कचेरीत बसली. मधे वॉकीटॉकी. मी दाबायचे, तिने सांगायचे, “आला. आला. हा पण आला.” बराच वेळ असे चालले. मग ती म्हणाली, “थांबा, आता मी पावती छापायला लावते. छापत असताना दाबा.” मी दाबले. “दिवे लागले,” ती म्हणाली, “पण पडद्यावर काही नाही. पुन्हा दाबा.” मी पुन्हा दाबले. पुन्हा दिवे लागले आणि पुन्हा काही नाही. छपाईचे काम चालू असेपर्यंत ते यंत्र ठार बहिरे असते, स्टेइनुन. त्या दिवशी ‘तेर्ना’च्या आधीच्या होडीची पावती छापली जात होती आणि ब्यार्टमारची माणसे टबांमागून टब ठेवत होती, कारण आता पुकारा परत देण्यासाठी थांबायचे नव्हते.

मी ग्रोआला विचारले, की समोरचा ऐकत नाही हे काट्याला कळू नये काय. ती म्हणाली, “कळायला हवं. त्यासाठी वेगळ्या तारा असतात. काटा विचारतो, ‘पाठवू का?’ आणि समोरून ‘पाठव’ आलं तरच पाठवतो. चला, तुमचा प्लग उघडून बघू.” भिंतीवरच्या पेटीजवळ तिने प्लगची टोपी काढली, बॅटरी धरली आणि शीळ घातली. “हे बघा. ही चिमुकली तार. ही कुठेच जात नाही. काट्याचा प्रश्न इथल्या इथे वळवून त्यालाच उत्तर म्हणून परत देते. काटा विचारतो ‘पाठवू का?’ आणि स्वतःच स्वतःला म्हणतो ‘हो, पाठव.’ पलीकडे यंत्र बहिरं असो, बंद असो, कोणी चोरून नेलेलं असो, याला आपलं ‘हो’ ऐकू येतंय.”

मी म्हणालो, की हे तर खोटे बोलणे झाले. ती म्हणाली, “सगळेच करतात हो. रस्त्याखाली तीनच तारा टाकल्यात तुमच्या समितीनं. एक जायला, एक यायला, एक दोघांची सामाईक. चौथी नाहीच तर खरं ‘हो’ येणार कुठून? घरातल्या कॉम्प्युटरला चालतं असं. माशाला नाही चालत.” असे म्हणून ती आणखी वाकली आणि म्हणाली, “काम मात्र झकास आहे. बांधणी बघा.”

मी पाहिले. सगळ्या तारा मेणाच्या दोऱ्याने एकत्र बांधल्या होत्या, म्हणजे ओढ बसली तर सोल्डरवर येऊ नये. शेवटची गाठ डावीकडून घेऊन स्वतःखालून दोनदा काढलेली होती आणि टोक आत दडवलेले होते. जाळे विणणारे ती गाठ एकदाच काढतात. दोनदा माझे वडील काढत, त्यांच्यामागे मी काढतो, आणि माझ्याकडून ती शिकलेली एकच व्यक्ती आहे. ग्रोआने विचारले, “कोणी केलंय हो हे?” मी सांगितले, की अंधारात मला नीट दिसत नाही. तिने बॅटरी जवळ आणली. मी म्हणालो, पुरे, थंडी फार आहे, टोपी लाव.

त्यानंतर किती तरी वेळ मी स्वतःशी वाद घातला. तुला हे ठाऊक नसेल, असे मी प्रथम म्हणून पाहिले. पण ते टिकत नाही. ठाऊक नसते तर तो चिमुकला तुकडा तू घातलाच नसतास. तो तुकडा म्हणजेच ठाऊक असल्याची खूण आहे. मग मी म्हटले, तुला वरच्यांनी सांगितले असेल: समितीने तीनच तारा टाकल्या आहेत, भागवून घे. हे खरे असावे. तू ‘हे बरोबर नाही’ असे म्हणालीही असशील आणि कोणी ऐकले नसेल. तुझी आई तर शपथेवर सांगते की तू म्हणालीच असशील. परंतु ती शपथ तिची आहे, आणि माझी शपथ निराळी आहे.

ब्यार्टमार परवा येऊन गेला. मी त्याला तारेचे सांगितले, दोऱ्याचे सांगितले नाही. तो नेहमीप्रमाणे टोपी न काढता टेबलाशी बसला. “तुरुंगात टाकलं तर बरंच आहे, ओद्दुर. तिथे जेवायला मासे नसतात असं ऐकलंय.” मग तुझ्या आईने वाळवलेला हॅडॉक मासा आणि लोणी ठेवले, त्याने एक तुकडा लोणी लावून तोंडात टाकला आणि तो म्हणाला, “तार अशीच आली होती, असं कोणी सांगेल का पण? कंपनी म्हणतेय तू बनवलीस ती.” मी म्हणालो, बघू. तो म्हणाला, “तू ‘बघू’ म्हणायला लागलास म्हणजे मला होडी रंगवूनच ठेवली पाहिजे. रंगवलेली बरी विकली जाते.” त्याने हे टोचण्यासाठी म्हटले नव्हते, आणि म्हणूनच अधिक टोचले.

अडचण नेमकी येथे आहे. पेटीजवळची तार तुमच्याकडून आली तशीच आहे, असे मी म्हणणार. ती म्हाताऱ्याने आपल्या टेबलावर बनवली, असे कंपनी म्हणणार, आणि मी टेबलावर तार बनवली होती याला अख्खे गाव साक्षी आहे. ग्रोआ फक्त इतकेच सांगू शकते की तो तुकडा तेथे आहे. तो कोणी घातला, हे दोऱ्याच्या गाठीशिवाय कशावरूनही कळत नाही. आणि ती गाठ माझ्या हाताचीही असू शकते. मी शिकवलेली गाठ माझ्याच विरुद्ध साक्ष देईल. हा विचार मनात आला तेव्हा मी काट्याच्या खोलीत एकटाच होतो, आणि बाकाला लाथ मारली. अंगठा अजून काळानिळा आहे.

दंडाधिकाऱ्यांच्या कारकुनाने काल सौजन्याने फोन केला. आपल्या अपत्याला बाधा येईल अशा प्रश्नाचे उत्तर देण्याची पित्यावर सक्ती नाही, हा नियम त्याने वाचून दाखवला. त्याला काहीही ठाऊक नाही. तो सर्वांनाच सर्व नियम वाचून दाखवतो. तुझ्या आईने मात्र पाठीमागून ऐकले. “बघ, कायदा बापाला गप्प राहू देतो. तू कायद्याच्याही पुढे कशाला धावतोस? विचारलं तर म्हण, आठवत नाही.” मी म्हणालो, की मी गप्प राहिलो तर ब्यार्टमारची होडी जाते. ती म्हणाली, “आणि बोललास तर पोरीची नोकरी जाते.” ती पुढे म्हणाली, “तुला ती नोकरी कधी आवडलीच नाही.” हे खोटे आहे. ते खोटे आहे एवढेच तुला कळवावे, म्हणून ते येथे लिहिले. त्यानंतर आमच्यात मीठ आणि बटाटे यांखेरीज कशावरही बोलणे झालेले नाही.

खरे तर मला राग कोणाचा आला आहे, हेच मला नीट सांगता येत नाही. थोर्दीसबाईंचा येतो, कारण चौथ्या तारेसाठी रस्ता पुन्हा कोण खणणार, असे त्या अजूनही विचारतात. स्वेर्रिरचा येतो, कारण न पाहता सही करण्याइतका तो तरुण आहे. तुझा येतो. सर्वांत जास्त त्या हिरव्या बटणाचा येतो. ते दाबले की इतका समाधानी आवाज करते, की ऐकणाऱ्याला वाटावे, पलीकडे कोणीतरी मान डोलावली.

आता हे पत्र का, ते लिहितो. गुरुवारी दंडाधिकारी विचारतील की ती तार कोणाच्या हातची आहे. नियमाचा आधार मी घेणार नाही. मी तुझे नाव सांगेन, वडिलांच्या नावासह, पूर्ण, कारण शपथेवर अर्धे नाव घेता येत नाही. बापाने स्वतःला वाचवण्यासाठी मुलीचे नाव घेतले असे खोलीतल्या निम्म्या लोकांना वाटेल आणि उरलेल्या निम्म्यांना ते खरेही वाटणार नाही. त्याला माझा इलाज नाही. ते परक्या माणसाच्या तोंडून किंवा कंपनीच्या पत्रातून तुझ्या कानावर पडू नये, आधी माझ्याकडून तुला समजावे, यासाठी हे लिहिले. आणखी एक कारण आहे. ते लिहायला मला दुपारपासून संध्याकाळ झाली. जे दुसऱ्याने आपल्याविषयी सांगितले तर कलंक ठरते, तेच आपण होऊन सांगितले तर निव्वळ साक्ष ठरते. ती गाठ तुझी आहे असे मी सांगितले तर तो एका म्हाताऱ्याचा शब्द आहे. तू सांगितलेस तर बेरीज पुरी होईल. ये असे मी म्हणत नाही; तू मोठी आहेस आणि तुझे घरभाडे तुला भरायचे आहे. पत्र उद्याच्या टपालाने निघून मंगळवारी तुला पोहोचेल. बुधवारी विमान उतरेल तेव्हा मी धावपट्टीच्या कुंपणापाशी उभा असेन. त्यातून तू उतरली नाहीस, तरीही गुरुवारी मी तेच सांगेन. सांगायला मला थोडा अधिक वेळ लागेल, इतकेच.

तुझाच,
ओद्दुर, तुझा बाप